विश्लेषण : रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ आला, आता झोपून राहायचे, ऑपरेशन करायचे की चालायला लागायचे?

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये ‘एल-४, एल-५ येथे डिफ्यूज डिस्क बल्ज’ अशी ओळ आली की घरातले वातावरणच बदलते. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. कोणी गादी काढून जमिनीवर झोपायला सांगतो, कोणी साडूचे ऑपरेशन कसे बिघडले ते ऐकवतो, कोणी मणका ‘बसवून देणाऱ्या’चा नंबर पाठवतो. या गोंधळात दोन प्रकारच्या रुग्णांचे सर्वाधिक नुकसान होते. चालत-फिरत बरे होता आले असते, पण भीतीने अंथरूण धरले, असे एक. आणि त्याच रात्री रुग्णालयात न्यायला हवे होते, पण ‘गादी सरकली आहे, पडून राहा’ म्हणून घरीच ठेवले गेले, असे दुसरे. पहिल्या प्रकारचे रुग्ण संख्येने कितीतरी जास्त. दुसऱ्या प्रकारच्यांचे नुकसान मात्र भरून न येणारे.

गादी खरेच ‘सरकते’ का?

नाही. मणक्यांच्या मध्ये एकूण २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट तंतूंच्या थरांचे कडे आणि आत मऊ, जेलीसारखा गाभा असतो. कड्यातील थर एकाआड एक उलटसुलट तिरके विणलेले असतात, टायरमधल्या दोऱ्यांच्या थरांसारखे. वरच्या आणि खालच्या मणक्याला ही गादी घट्ट चिकटलेली असते. साबणाच्या वडीसारखी ती निसटत नाही. त्यामुळे ती कोणी दाबून पुन्हा ‘जागेवर बसवण्याचा’ प्रश्नच येत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपली आपण जाते आणि श्रेय पायाळूला मिळते. नुसता पाय लावल्याने काही बिघडत नाही. पायात मुंग्या येत असताना कंबरेला झटका देऊन घेणे मात्र धोक्याचे.

रिपोर्टमधले शब्द समजून घेण्यासाठी पुरणपोळी आठवावी. पोळी लाटताना तिची कड सगळीकडून थोडी बाहेर पसरली, तर तो ‘बल्ज’. एकाच जागी पुरणाचा उंचवटा आला, पण पारी शाबूत आहे, तर ‘प्रोट्रूजन’. पारी फाटून पुरण बाहेर आले, तर ‘एक्स्ट्रूजन’. आणि बाहेर आलेला पुरणाचा तुकडा पोळीपासून सुटून वेगळाच पडला, तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. म्हणजे बल्ज ही या उतरंडीतली सर्वांत सौम्य पायरी.

रिपोर्टमधल्या ओळीला किती घाबरायचे?

कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या असलेल्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’त प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३० टक्के, चाळिशीतल्या ५० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज दिसतो. ही सगळी कसलीही तक्रार नसलेली माणसे. त्याआधी १९९४ मध्येही अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले होते, तेव्हा निम्म्याहून अधिकांत बल्ज सापडला होता. पाठीतला फुगवटा हा बराचसा डोक्यातल्या पांढऱ्या केसांसारखा असतो.

मग रिपोर्टवरच हे आकडे का छापू नयेत? अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. नुसती ओळ छापल्याने मणक्यावरच्या उपचारांचे एकूण प्रमाण काही घटले नाही. कागदावरचा आकडा भीती घालवत नाही. डॉक्टरांना समोर बसवून समजावून सांगावे लागते आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तेवढीच पाच मिनिटे नसतात.

म्हणूनच धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या साधारण सहा आठवड्यांत एमआरआय काढू नये, असे बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण त्यातून जे दिसेल त्याने उपचार बदलत नाहीत, फक्त झोप उडते. रिपोर्ट आधीच हातात असेल, तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : मला जिथे दुखते त्याचा आणि या चित्राचा मेळ बसतो का? डावा पाय दुखत असेल आणि गादी उजवीकडे फुगलेली असेल, तर दोष त्या फुगवट्याला देता येत नाही.

मेळ बसतो तेव्हा नेमके काय घडलेले असते?

कंबरेच्या गाद्यांचा त्रास बहुतेक वेळा खालच्या दोन जागी होतो : चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये आणि पाचव्या मणक्याच्या खाली. तिथून पायाकडे जाणाऱ्या नसा निघतात. त्यातली एखादी डिवचली गेली की कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, घोट्यापर्यंत उतरते. हाच सायटिका, आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, रुग्णाची चाल गिधाडासारखी होते म्हणून. खोकला, शिंक किंवा शौचाला जोर लावताना कळ वाढते. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, ही तिची खूण.

डॉक्टर उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलून पाहतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, पायाचा अंगठा वर ओढायला सांगतात. टाचेवर चालता येत नसेल किंवा अंगठा उचलत नसेल तर पाचव्या मणक्याची नस, चवड्यावर उभे राहता येत नसेल तर तिच्या खालची नस, असा अंदाज बांधता येतो. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि यंत्र लागत नाही. ती न करता थेट स्कॅनची चिठ्ठी मिळाली, तर रुग्णाने तपासणीचा आग्रह धरायला हरकत नाही.

नस नुसती दाबली जाते म्हणून दुखते, असा समज दीर्घकाळ होता. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये फुटलेली गादी आणि सायटिका यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हापासून सगळा भर ‘दाब काढा’ यावर राहिला. पुढे १९९० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांत गादीचा गाभा नसांवर कोणताही दाब न देता नुसता ठेवला, तरी नसांचे काम बिघडले. म्हणजे बाहेर आलेल्या गाभ्यातली रसायनेही नसेला सूज आणतात. ही सूज ओसरते. फुगवटा जागेवर तसाच असूनही अनेकांचे दुखणे का थांबते, याचे उत्तर यात आहे.

याहून विचित्र वाटेल अशी गोष्ट म्हणजे गादी जितकी जास्त फुटलेली, तितकी ती विरघळण्याची शक्यता अधिक. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ऑपरेशनशिवाय उपचार घेतलेल्या रुग्णांचे पुन्हा स्कॅन तपासले गेले. सुटून पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आक्रसला होता, फाटून बाहेर आलेला गाभा ७० टक्क्यांत, उंचवटा ४१ टक्क्यांत. साधा बल्ज मात्र फक्त १३ टक्क्यांत. बाहेर पडलेल्या तुकड्याला शरीर परके समजते आणि त्याचा फडशा पाडते. कड्याच्या आत राहिलेल्या फुगवट्यापर्यंत ते तसे पोहोचत नाही. त्यामुळे बरे वाटल्यावर ‘बल्ज गेला का’ हे पाहण्यासाठी पुन्हा एमआरआय काढण्यात अर्थ नाही. तो बहुधा तिथेच असेल आणि त्याने काही बिघडलेले नसेल.

कोणत्या लक्षणांत एक रात्रही थांबायचे नाही?

लघवी अडणे, झाल्याचे न कळणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे. शौचावरचा ताबा जाणे. घोड्याच्या खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तेवढा, म्हणजे जांघा, गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीचा भाग बधिर होणे. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा येणे. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा अख्खा जुडगा दाबला गेला की असे होते. हे क्वचित घडते, पण घडले तर ऑपरेशन तासांच्या हिशेबात करावे लागते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ही लक्षणे सांगायला माणसे, विशेषतः बायका, लाजतात. घरच्यांनी कंबरदुखीच्या रुग्णाला ‘लघवीला नीट होतेय ना’ हे स्पष्ट विचारावे. पाऊल लुळे पडून चालताना चप्पल घसटत असेल, तर त्यासाठीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ताप, रात्री वाढणारे दुखणे, घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा उंचावरून पडणे यापैकी काही असेल, तर दुखणे गादीचे नसण्याची शक्यता धरावी लागते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि तो महिनोन्महिने ‘गादीचा त्रास’ म्हणून अंगावर काढला जातो.

अंथरुणावर पडून राहिल्याने गादी भरून येते का?

हेल्सिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली होती. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर झोपवले, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितले की सोसेल तितकी रोजची कामे करत राहा. सर्वांत लवकर तिसरा गट सावरला. पायात कळ उतरणाऱ्या रुग्णांवर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये असाच अभ्यास झाला. दोन आठवडे झोपून राहिलेल्यांना न झोपलेल्यांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाब पडला की गादीतले पाणी बाहेर जाते, दाब हटला की आत येते आणि पोषणाची ने-आण होते. हालचाल थांबली की हा पंपही मंदावतो.

एक-दोन दिवस वेदना फार असतील तर आडवे व्हावे. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे किंवा दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपल्यास बरे वाटते. पण दर तासाला उठून घरातल्या घरात चार पावले चालावे. जमिनीवर झोपण्याच्या सल्ल्याचेही असेच. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना टणक आणि मध्यम टणक अशा गाद्या वाटून पाहिल्या गेल्या. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार मध्यम टणक गादीवर झोपणारे अधिक सुधारले. फरशीवर चटई टाकून झोपणाऱ्याला तिथून उठताना जे वाकावे लागते, तो त्रास वेगळाच.

सकाळचा पहिला तास जपण्याचा. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी रात्रीपेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटर उंच असतो, तो त्यामुळेच. अशा ताणलेल्या गादीला वाकण्याचा ताण जास्त बसतो. उठल्यानंतर सुरुवातीचा काही काळ कंबरेतून वाकणे टाळल्याने जुने दुखणे कमी होते, असे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहा. नळाला पाणी पहाटे पाचला येते. उठल्याउठल्या बादल्या, कळशा, मग केर, फरशी, पाळण्यातले मूल. दुखण्याच्या काळात तरी ही कामे घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावीत, शौचासाठी कमोड वापरावा, मांडी घालून जेवण्याऐवजी खुर्ची घ्यावी.

बादलीचे गणित सोपे आहे. १५ किलोची बादली हात लांब करून उचलली, तर ती मणक्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर लांब असते. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूंना आठपट, १२० किलोइतका जोर लावावा लागतो आणि तोही गादीवरच पडतो. वाकलेल्या धडाचे वजन वेगळे. तीच बादली अंगालगत आणून, गुडघ्यांत वाकून उचलली तर हे अंतर निम्म्यावर येते. या गणिताने घाबरून आयुष्यभर काही उचलायचेच नाही, असे ठरवणेही बरोबर नाही. गादी म्हणजे झिजत जाणारा बेअरिंगचा भाग नव्हे. ती जिवंत आहे आणि हळूहळू वाढवलेल्या भाराला सरावते.

सल्ला देणाऱ्यांना एक गोष्ट विचारली पाहिजे. ‘वजन उचलू नका, आराम करा’ हे माथाडी कामगाराने कसे पाळायचे? ऊसतोड मजूर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो आणि मजुरी टनावर मिळते. घरातल्या बाईला आराम सांगितला जातो, तेव्हा तिच्या वाट्याच्या पोळ्या कोण लाटणार, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. अशा वेळी किती किलो, किती आठवडे आणि कोणते काम चालेल हे डॉक्टरांनी लेखी दिले, तर मुकादमाला किंवा साहेबाला दाखवायला निदान एक कागद हातात राहतो. ऑफिसात बसणाऱ्यांचे तुलनेने सोपे आहे : अर्ध्या तासाने उठायचे, फोन आला की उभे राहून बोलायचे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर काही आठवडे दुचाकीला सुट्टी द्यायची.

व्यायाम कोणता?

न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या दवाखान्यात १९५६ मध्ये एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. पाठ मागे वाकलेली, म्हणजे साधारण भुजंगासनाच्या स्थितीत. मॅकेंझी आत आले तेव्हा त्याच्या पायातली कळ गेलेली होती. त्यातून पुढे त्यांची व्यायामपद्धती तयार झाली. तिच्यातली एक खूण प्रत्येक रुग्णाला उपयोगी पडावी अशी आहे. एखादी हालचाल करताना दुखणे पायातून वर सरकत कंबरेकडे आले, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण. दुखणे आणखी खाली, पावलाकडे उतरले, तर ती हालचाल तूर्त बंद.

बऱ्याच जणांना मागे वाकण्याने बरे वाटते, काहींना त्यानेच त्रास होतो. म्हणून यूट्यूबवरचे ‘पाच आसने’ सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. कळ ताजी असताना पायाचे अंगठे धरायला लावणारी पश्चिमोत्तानासनासारखी आसने आणि सूर्यनमस्कार थांबवावेत. फिजिओथेरपिस्टकडे जायचे ते व्यायाम शिकण्यासाठी. दहा दिवस नुसता शेक आणि विजेचे झटके घेऊन, एकही व्यायाम न शिकता रुग्ण परत आला, तर पैसे वाया गेले असे समजावे.

दुखणे ओसरल्यावर ते परत येऊ नये यासाठी सर्वांत स्वस्त उपाय चालणे हाच आहे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत हळूहळू पोहोचणाऱ्या गटात दुखणे परत यायला सरासरी २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांत ११२.

गोळ्या, पट्टा, इंजेक्शन?

सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. पण मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊन त्या महिनाभर खाणे जठराला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना तर जास्तच. ‘नसेची गोळी’ म्हणून सर्रास लिहिल्या जाणाऱ्या प्रिगॅबलिनची सायटिकाच्या २०९ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली. २०१७ चे निष्कर्ष असे, की खोट्या गोळीपेक्षा तिने वेदना जास्त घटवली नाही, चक्कर मात्र जास्त आणली. ती चालू असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करावी. एकदम सोडू नये.

कंबरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत नेहमीचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची शिफारस करू नये, असे म्हटले आहे. त्या सूचना मुख्यतः ठरावीक कारण नसलेल्या कंबरदुखीबद्दल आहेत. तरी ‘बिनऑपरेशन मणक्याचा इलाज’ अशा फलकांखाली याच यंत्रांची हजारो रुपयांची पॅकेजेस विकली जातात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनने पायाची कळ काही आठवडे कमी होऊ शकते. असह्य काळ ओलांडायला त्याचा उपयोग आहे, पण ते गादी दुरुस्त करत नाही.

ऑपरेशन कोणाला, कधी?

नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. सहा ते बारा आठवडे त्यांचा त्रास थांबलेला नव्हता. एका गटाचे लवकर ऑपरेशन, दुसऱ्याने थांबायचे आणि अगदी असह्य झाले तरच करायचे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना पुढे ऑपरेशन करावेच लागले. लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या पायाची कळ निश्चितच लवकर थांबली. पण वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण सावरलेले होते. २००७ मध्ये आलेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा, की धोक्याची लक्षणे नसतील तर ऑपरेशन ही बहुधा किती लवकर बरे व्हायचे याची निवड असते. रोजंदारी बुडणाऱ्या माणसासाठी ती निवड लवकरच्या बाजूने जाऊ शकते आणि त्यात गैर काही नाही.

नस मोकळी करण्याचे हे ऑपरेशन आता छोट्या छेदातून होते, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवले जाते. ते पायाच्या कळेवर चांगले लागू पडते. नुसत्या कंबरदुखीसाठी, रिपोर्टमध्ये बल्ज आहे म्हणून केल्यास पदरी निराशा येण्याची शक्यता जास्त. शंभरातील साधारण पाच ते पंधरा जणांत त्याच जागी गादी पुन्हा बाहेर येते. स्क्रू टाकून मणके जोडण्याचा सल्ला मिळाला, तर ते का हवे आहे, हे विचारून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

आणि एक व्यवहाराची बाब. अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये अपघाताशिवाय झालेला गादीचा आजार ठरावीक प्रतीक्षा कालावधीच्या यादीत असतो. हा काळ बहुधा २४ महिन्यांचा असतो. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी पॉलिसीचे ते पान उघडून पाहावे.